बिघडलेल्या कड्या वगळाव्यात का?

वाचकाचे पत्र

नमस्कार मॅडम. मी पुण्यातल्या एका संस्थेत रक्तवाहिन्यांच्या शरीरक्रियाशास्त्रात पीएच.डी. करते आहे, तिसरे वर्ष सरत आले. उंदरांच्या महाधमनीच्या कड्या, म्हणजे आडवे कापलेले गोल तुकडे, ॲसिटिलकोलीन (मज्जातंतूंतून सुटणारे एक रसायन) दिल्यावर किती शिथिल होतात, हे मी मोजते. तरुण उंदरांच्या कड्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे शिथिल होतात. 18 महिन्यांच्या उंदरांच्या 11 कड्यांपैकी 7 कड्या मात्र आधी शिथिल झाल्या आणि मात्रा वाढवत नेल्यावर पुन्हा आकसल्या. माझे मार्गदर्शक म्हणतात की त्या कापताना बिघडल्या असणार, त्या आलेखातून काढून टाक आणि परिषदेसाठी गोषवारा पाठव. प्रयोगशाळेतले ज्येष्ठ सहकारी म्हणतात की रक्तवाहिन्या शिथिल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडवर 1998 मध्ये नोबेल मिळून गेले, आता त्यात उरले काय. इकडे सांगलीला बाबांनी कनिष्ठ महाविद्यालयातल्या कायम जागेची जाहिरात कापून ठेवली आहे; अर्जाला महिनाभर अवधी आहे. त्या कड्या मी वगळाव्यात का? आणि या विषयात राहावे का?
— एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर

नमस्कार.

तुम्ही दोन प्रश्न एका दमात विचारले आहेत, म्हणून ते एकमेकांत गुंतल्यासारखे वाटतात. पहिला प्रश्न सात कड्यांचा आहे आणि दुसरा तुमच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा. पहिल्याचे उत्तर लगेच देते: त्या कड्या वगळू नका. दुसऱ्याचे उत्तर इतके सरळ नाही. ज्या नोबेलमुळे तुमच्या सहकाऱ्यांना हा विषय संपल्यासारखा वाटतो, त्याच नोबेलच्या एका मानकऱ्याचे संशोधन-आयुष्य त्यासाठी थोड्या तपशिलाने पाहावे लागेल, कारण तुमच्या टेबलावर आज जे पडले आहे, तसलेच एक कोडे त्यांच्या टेबलावर पंचवीस वर्षे पडून होते.

ते मानकरी म्हणजे रॉबर्ट फर्चगॉट. त्यांचा जन्म 1916 चा, अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनचा. मूळचे ते रसायनशास्त्राचे विद्यार्थी. 1940 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. झाल्यावर त्यांनी नऊ वर्षे न्यूयॉर्कला कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढची सात वर्षे सेंट लुइसला वॉशिंग्टन विद्यापीठात काम केले. 1956 पासून ते ब्रुकलिनमधल्या राज्य विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात औषधशास्त्राचे विभागप्रमुख होते. सेंट लुइसला असताना त्यांनी सशाच्या महाधमनीवर काम सुरू केले. सफरचंदाची साल गोल गोल सोलत एक अखंड पट्टी काढावी, तशी महाधमनी सर्पिल कापून तिची पट्टी काढायची, ती क्षारद्रावणात टांगायची आणि एकेका औषधाने ती किती आवळते किंवा सैल पडते ते मोजायचे, अशी ती पद्धत. माझ्या विद्यार्थिदशेत आम्ही बेडकाच्या पोटाच्या स्नायूवर याच धर्तीचे प्रयोग करत असू. काजळी धरलेल्या कागदावर लेखणी रेघ ओढायची आणि प्रयोग संपल्यावर तो कागद लाखेच्या द्रावणात बुडवून वाळत घालायचा. बोटांना काजळी आणि रेघेला कंप, ही त्या काळची ओळख. म्हणूनच फर्चगॉट यांच्या मोजमापातला संयम मला आजही थक्क करतो.

या पट्ट्यांवर त्यांना एक विसंगती आढळली. जिवंत प्राण्याला ॲसिटिलकोलीन टोचले की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो, हे हेन्री डेल यांच्या 1914 च्या कामापासून सर्वांना ठाऊक होते. फर्चगॉट यांच्या पट्ट्या मात्र त्याच ॲसिटिलकोलीनने आवळत होत्या, आणि एखाद-दुसऱ्या वेळी नव्हे, तर दर वेळी. 1953 च्या निबंधात त्यांनी ते जसे दिसले तसे छापले. शरीरात एक आणि काचेच्या नळीत नेमके उलटे, याचा उलगडा तेव्हा त्यांच्याकडे नव्हता. खिडकीतून उजेड आला की पट्ट्या सैल पडतात, हेही त्यांच्या असेच ध्यानात आले होते. दुसऱ्या कोणी पडदा ओढून घेऊन काम पुढे चालू ठेवले असते. त्यांनी त्या उजेडाचाच अभ्यास केला, आणि 1961 मध्ये त्यावर निबंधही लिहिला.

मग मे 1978 उजाडला. एव्हाना त्यांच्या प्रयोगशाळेत सर्पिल पट्ट्यांच्या जागी महाधमनीच्या आडव्या कापलेल्या कड्या वापरात आल्या होत्या. एका प्रयोगात कड्या आधी नॉरॲड्रेनॅलिनने आवळायच्या, मग ते औषध धुऊन काढायचे आणि नंतर कार्बाकॉल, म्हणजे ॲसिटिलकोलीनचे एक टिकाऊ भावंड, द्यायचे, असा क्रम ठरलेला होता. त्यांचे तंत्रसाहाय्यक डेव्हिड डेव्हिडसन यांच्याकडून मधले धुणे राहून गेले. आवळलेल्या कडीत तसेच कार्बाकॉल पडले, आणि कडी आणखी आवळण्याऐवजी सैल पडली.

या प्रसंगाचे वर्णन बहुतेक ठिकाणी ‘सुदैवी अपघात’ असे केले जाते, ते मला अपुरे वाटते. धुणे विसरणारे लोक प्रत्येक प्रयोगशाळेत असतात. माझ्या हाताखालीही कमी नव्हते. दर वेळी आवळणारी गोष्ट आज सैल का पडली, हा प्रश्न पडण्यासाठी ती दर वेळी आवळते हे स्वतःच्या हाताने शेकडो वेळा पाहिलेले असावे लागते. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: फर्चगॉट यांनी ही चूक लपवली नाही, की तिचे श्रेय स्वतःकडे घेतले नाही. वीस वर्षांनंतरच्या नोबेल व्याख्यानात त्यांनी ती घटना साहाय्यकाच्या नावासह सांगितली आहे.

पुढचे महिने फरक शोधण्यात गेले. तीच महाधमनी, तेच औषध. मग पट्टीत एक आणि कडीत दुसरे का? कारण शेवटी हाताच्या सवयीत सापडले. सर्पिल पट्टी कापताना रक्तवाहिनीची आतली बाजू कुठेतरी घासली जात होती, आणि त्या बाजूला असलेले एंडोथेलियम, म्हणजे पेशींचे एकेरी नाजूक अस्तर, खरवडून निघत होते. अस्तर शाबूत असेल तर ॲसिटिलकोलीन वाहिनी सैल करते; ते निघून गेले तर आवळते. कडी मुद्दाम आतून हलकेच घासली की तिचे सैल पडणे थांबायचे. अस्तर आहे की गेले, हे त्यांनी चांदीच्या क्षाराने पेशींच्या कडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्या काळी बहुतेकांच्या लेखी हे अस्तर म्हणजे नळाच्या आतला गिलावा होता.

यापुढचा प्रयोग मला सर्वांत देखणा वाटतो. अस्तर काढून टाकलेली एक आडवी पट्टी त्यांनी घेतली. ती ॲसिटिलकोलीनने सैल पडत नव्हती. मग अस्तर शाबूत असलेली दुसरी, उभी कापलेली पट्टी तिच्यावर आतली बाजू आतल्या बाजूला लागेल अशी ठेवून दोन्ही एकत्र बांधल्या, आणि ताण मात्र पहिल्या पट्टीचाच मोजला. आता ॲसिटिलकोलीन दिल्यावर ती पट्टी सैल पडली. म्हणजे अस्तरातून काहीतरी झिरपून शेजारच्या स्नायूपर्यंत पोहोचत होते. जॉन झवाड्झकी यांच्यासह लिहिलेला हा निबंध 27 नोव्हेंबर 1980 च्या ‘नेचर’मध्ये आला, तेव्हा फर्चगॉट 64 वर्षांचे होते. आपल्याकडे या वयात माणसाचा निवृत्तीचा सत्कारही उरकलेला असतो.

ते ‘काहीतरी’ काय, हे कळायला आणखी सहा वर्षे गेली. तो पदार्थ काही सेकंदांतच नष्ट होत असे. हिमोग्लोबिन त्याला निष्प्रभ करी, सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचे एक अतिक्रियाशील रूप, त्याचा नाश करी. फर्चगॉट यांनी त्याची तुलना आम्ल केलेल्या नायट्राइटच्या द्रावणाशी केली, ज्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटते, आणि दोघांच्या खोडी सारख्याच निघाल्या. 1986 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर येथील परिषदेत फर्चगॉट आणि लुई इग्नारो या दोघांनी स्वतंत्रपणे मांडले की हा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड असावा. मोटारीच्या धुरात सापडणारा वायू आपल्याच रक्तवाहिन्या तयार करतात, ही कल्पना पुष्कळांना तेव्हा पटली नाही. 1987 मध्ये लंडनजवळच्या बेकनहॅम येथे साल्वादोर मोन्काडा यांच्या गटाने त्या वायूचे प्रत्यक्ष मोजमाप केले, आणि 1988 मध्ये तो अर्जिनीन या अमिनो आम्लापासून बनतो हे दाखवले. फेरिद मुराद यांनी तर 1977 मध्येच दाखवले होते की नायट्रोग्लिसरीनसारखी औषधे नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि स्नायूतल्या एका विकराला चालना देतात. छातीत कळ आल्यावर आपल्याकडे आजोबा जिभेखाली जी सॉर्बिट्रेटची गोळी ठेवतात, ती याच वाटेने काम करते. 1998 चे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. एका पारितोषिकात तिघांहून अधिक नावे घेता येत नाहीत, त्यामुळे मोन्काडा बाहेर राहिले आणि त्यावर त्या वेळी बरीच उघड नाराजी व्यक्त झाली. ती नाराजी मला रास्त वाटते.

आता तुमच्या सात कड्यांकडे येऊ.

कापताना बिघडलेली कडी कशी वागते, हे वर आलेच आहे: तिचे अस्तर निघालेले असते, म्हणून ती कमी मात्रेलाही नीट सैल पडत नाही. तुमच्या कड्या मात्र आधी व्यवस्थित सैल पडतात आणि मात्रा वाढल्यावर आकसतात. अस्तर खरवडले गेल्याची ही खूण नव्हे. उलट, हे आकसणे अस्तरामुळेच होत असण्याचा संभव मोठा आहे. अनुवंशाने रक्तदाब वाढलेल्या उंदरांच्या महाधमनीचे अस्तर ॲसिटिलकोलीनच्या चढ्या मात्रेला प्रतिसाद म्हणून आवळणारे पदार्थही सोडते, हे 1986 पासून ज्ञात आहे. तोच प्रकार वयानुसार वाढतो, हेही त्यानंतर दाखवले गेले. हे पदार्थ प्रोस्टाग्लँडिनच्या कुळातले असल्याने त्यांची निर्मिती रोखणारे इंडोमेथॅसिन हे औषध दिल्यावर ते आकसणे थांबते. तेव्हा तुम्हाला नवा शोध लागला आहे, असे मी म्हणणार नाही. बहुधा लागलेला नाही. पण जे दिसले ते खरे असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ते वगळून काढलेला आलेख खोटा ठरेल.

म्हणून गोषवारा लिहिण्याआधी एवढे करा. वयस्क उंदराच्या एकाच महाधमनीतून चार कड्या कापा. पहिली जशी आहे तशी ठेवा. दुसरीचे अस्तर मुद्दाम घासून काढा. मोठ्या मात्रेचे आकसणे तिच्यात नाहीसे झाले, तर त्याचे मूळ अस्तरात आहे. तिसरीला इंडोमेथॅसिन द्या. चौथीला एल-नेम देऊन नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती बंद करा. आवळणारा पदार्थ खरोखरच सुटत असेल, तर तिच्यात त्याचा परिणाम अधिक ठळकपणे दिसायला हवा. शेवटी प्रत्येक कडीला सोडियम नायट्रोप्रुसाइड द्या. ते अस्तराला वळसा घालून थेट स्नायूवर काम करते. त्याने कडी पूर्ण सैल पडली, तर स्नायू धड आहे. त्यानेही न पडली, तर दोष स्नायूत किंवा तुमच्या द्रावणात शोधावा लागेल. नायट्रोप्रुसाइडचे द्रावण ताजे करा आणि बाटलीला फॉइल गुंडाळा, कारण ते उजेडाने बिघडते. आणि कडीला लावलेला ताण प्रत्येक नोंदीसोबत लिहा.

आणखी एक प्रश्न, जो तुमच्या मार्गदर्शकांनी विचारायला हवा होता: या 11 कड्या किती उंदरांच्या आहेत? आकसलेल्या सातही कड्या दोनच उंदरांच्या असतील, तर तुमच्याकडे सात पुरावे नाहीत, दोनच आहेत. मोजणी नेहमी प्राण्यांची करावी, कड्यांची नव्हे. तुमच्या संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीने ठरावीक संख्येच्या उंदरांनाच परवानगी दिलेली असते. त्या जिवांचे मोल करून मिळालेली नोंद केवळ रेघ आवडली नाही म्हणून फेकणे मला नैतिकदृष्ट्याही खटकते.

मार्गदर्शकांशी बोलताना ‘तुम्ही मला खोटेपणा करायला सांगता’ असा सूर लावू नका. बहुधा त्यांचा तसा हेतू नसेल. परिषदेची तारीख जवळ आली की भल्याभल्यांचा धीर सुटतो. त्यांना एवढेच विचारा की कड्या वगळण्याचा निकष कोणता, आणि तो प्रयोगाआधी ठरला होता का. निकष असा असू शकतो: ॲसिटिलकोलीनच्या अमुक मात्रेला अमुक टक्क्यांपेक्षा कमी सैल पडलेली कडी घ्यायची नाही. असा निकष तरुण आणि वयस्क अशा दोन्ही उंदरांना सारखाच लावायचा आणि तो निबंधात छापायचा. निकाल पाहून ठरवलेल्या निकषाला निकष म्हणत नाहीत. हे बोलणे तोंडी झाले तरी नंतर दोन ओळींचा ईमेल पाठवून ठेवा. वहीत तारखेसह नोंद करा. त्यांनी तरीही आग्रह धरला, तर गोषवारा या वेळी पाठवू नका. परिषदा दरवर्षी भरतात.

विषयात काय उरले, या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला एक उदाहरण पुरेसे वाटते. अर्जिनीनपासून नायट्रिक ऑक्साइड बनते, हे 1988 मध्ये कळले. मग रुग्णाला अर्जिनीन दिले की रक्तवाहिन्या सुधारतील, हा तर्क कोणालाही सुचेल. जिममध्ये विकल्या जाणाऱ्या डब्यांवर आजही तोच तर्क छापलेला दिसतो. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 153 रुग्णांवर हे करून पाहिले गेले. काहीही फायदा दिसला नाही. अर्जिनीन घेणाऱ्यांत सहा जण दगावले, न घेणाऱ्यांत एकही नाही, आणि चाचणी थांबवावी लागली. रेणूची ओळख पटणे आणि म्हाताऱ्या रक्तवाहिनीत तो कसा वागतो हे कळणे, यांत एवढे अंतर आहे. तुमचे 18 महिन्यांचे उंदीर नेमके त्या अंतरात उभे आहेत. कोणत्या वयापासून हे आकसणे सुरू होते, माद्यांत आणि नरांत ते सारखेच असते का, शिथिल होण्याची क्षमता आधी घटते की आवळण्याची आधी वाढते, हे सर्व तुमच्या प्रबंधाच्या आवाक्यातले प्रश्न आहेत. प्रबंधाला एवढे पुष्कळ झाले.

मात्र फर्चगॉट यांची हकीगत सांगून मी तुम्हाला ‘चिकाटी धरा, नोबेल मिळेल’ असे सुचवत नाही. 1978 च्या त्या दिवशी ते 61 वर्षांचे होते आणि बावीस वर्षे विभागप्रमुख होते. त्यांचा पगार कडी सैल पडण्यावर अवलंबून नव्हता. एक कोडे पंचवीस वर्षे बाजूला ठेवून जगणे त्यांना परवडत होते. तुमची अधिछात्रवृत्ती दोन वर्षांत संपेल. त्यांच्या आयुष्यातून तुम्ही नोंदी ठेवण्याची पद्धत घ्यावी. पोटापाण्याचा हिशेब त्यांच्यावरून मांडू नये.

म्हणून बाबांनी कापून ठेवलेल्या जाहिरातीला मी शत्रू मानत नाही. कायम जागा ही आजच्या काळात हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे, आणि कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणे हे काही कमी प्रतीचे काम नव्हे. तुमच्या पत्रात एक वाक्य मात्र मला सापडले नाही: तुम्हाला शिकवायला आवडते की नाही, याबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही. कड्यांबद्दल मात्र अर्धे पत्र लिहिले आहे. हे बाबांना जसेच्या तसे सांगून पाहा. त्यांना ते तुमच्या सहकाऱ्यांपेक्षा लवकर समजेल, असा माझा अंदाज आहे.

अर्ज भरायला हरकत नाही. अर्ज भरणे म्हणजे रुजू होणे नव्हे, आणि निवड झालीच, तर रुजू होण्यास मुदतवाढ मिळते का आणि प्रबंध अर्धवेळ पुरा करता येतो का, हे दोन्हीकडे लेखी विचारता येईल. परवानगीतले वयस्क उंदीर किती शिल्लक आहेत ते आजच नोंदवहीत पाहा. तीन असले, तरी वरचा चार कड्यांचा प्रयोग अर्जाची मुदत संपण्याआधी तीनदा होतो. तिन्हींचे आलेख, आकसलेल्या कड्यांसह, मला पाठवा. प्रत्येकावर उंदराचा क्रमांक घाला.